टचलाइनवरून ‘नको’

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. साहित्याची हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. आमच्या फुटबॉल संघात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. कोण शिजवतंय ते सीझन संपायच्या आत शोधून काढणार. ही वही कुणी वाचायची नाही. वाचताना जो सापडेल तोच गद्दार.

आधी वस्तुस्थिती. मी कोल्ड स्टोरेजमध्ये डिस्पॅच सुपरवायझर. शिवाय कंपनीच्या संघाचा कोच. कोच कुणी केलं? मॅनेजरने. का केलं? आवाज. आमच्या आवारात तीन कॉम्प्रेसर सतत घरघरत असतात. त्या आवाजावरून ट्रक ड्रायव्हरला हाक ऐकवू शकणारा माणूस मी एकटा. मैदान कॉम्प्रेसर हाउसच्या भिंतीला लागूनच आहे, म्हणजे तिथेही मीच लागणार. मी स्वतः फुटबॉल कधी खेळलेलो नाही. त्यामुळे माझी मतं शुद्ध राहिली आहेत.

आज पाइप कारखान्याविरुद्ध मॅच. हरलो. राइट बॅकला टचलाइनवरून खणखणीत सांगितलं, “पुढे जाऊ नको!” तो शेपटीला आग लागल्यासारखा पुढे पळाला. मागची जागा मोकळी, तिथून त्यांचा गोल. मग आमच्या स्ट्रायकरला सांगितलं, “मारू नको!” त्याने तिथूनच मारला. बॉल कॉम्प्रेसर हाउसच्या छपरावर.

एकदा झाली ती चूक. दोनदा झाला तो कट.

स्ट्रायकर म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच प्लँटवर इलेक्ट्रिशियन. नोकरीला मीच चिकटवलं. मैदानावर मला सर म्हण असं शंभर वेळा सांगितलं तरी भाऊजी म्हणतो. इथे काहीतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी

हेतू सापडला.

मेहुण्याचा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले हा सीझन कसाबसा निघेल, पुढचं पुढे बघू. बायको काल भाजी निवडता निवडता म्हणाली की बिचारा इतकी वर्षं खेळतोय पण एकदाही फायनल खेळलेला नाही, एकदा त्याला फायनलमध्ये गोल मारू द्या, मग खुशाल घरी बसेल. बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

मी हूं म्हटलं. पण मनात म्हटलं, घरी कशाला बसेल? गुडघा गेलेला खेळाडू शेवटी काय होतो? कोच होतो. आणि कोचाची जागा रिकामी व्हायची तर आधी कोच नालायक ठरायला हवा. तो कसा ठरणार? संघाने त्याचं ऐकलं नाही की. धागा सरळ आहे. माझ्यासारखा गाडी भरणारा माणूसच तो बघू शकतो, कारण कुठलं खोकं कुठल्या खोक्याखाली दडवलंय हे आम्हाला वरून कळतं.

ठराव : मेहुण्याशी नेहमीसारखंच वागायचं. संशय दाखवायचा नाही. फक्त बघायचं.

६ फेब्रुवारी

मेहुणा म्हणाला, भाऊजी, सकाळपासून असे टक लावून काय बघताय, माझ्या तोंडाला काही लागलंय का?

९ फेब्रुवारी, सकाळी

आज घरी एक प्रकार. जिना उतरताना बायकोला ओरडून सांगितलं, “दूध आणू नको, मी आणतो!” आणि येताना दूध घेऊन आलो. तर तिनेही आणून ठेवलेलं. मी म्हटलं, नको म्हटलं होतं ना. ती म्हणाली की तिला फक्त दूध आण एवढंच ऐकू आलं. वर म्हणाली, तुम्ही वाक्याचं तोंड बेंबीच्या देठापासून काढता आणि शेपूट तोंडातच ठेवता, मैदानावरही असंच होत असेल, म्हणून ती पोरं पुढे पळतात.

मैदानाचा विषय दुधात कुठून आला? भाऊ-बहिणीचं बोलणं झालेलं आहे. आता घरातही जपून.

बाकी माझ्या पद्धतीबद्दल तिला काय कळणार! ओरडण्याचं एक शास्त्र असतं. पहिला शब्द तोफेसारखा सुटला पाहिजे. त्यातच सगळा दम घालायचा. शेवटच्या शब्दापर्यंत दम उरत नाही आणि उरायची गरजही नसते, कारण तोवर समोरच्याला अर्थ पोचलेला असतो. गाड्या मागे घेताना मी नेहमी असंच करतो. माल चढवायच्या डॉकचा कोपरा दोनदा तुटला तो ड्रायव्हर बहिरा होता म्हणून.

१६ फेब्रुवारी

लीगची मीटिंग. सगळ्या कंपन्यांचे कोच हजर. सेक्रेटरींनी विषय मांडला : मॅच चालू असताना कोचने बाहेरून ओरडून सूचना द्याव्यात की नाही? कुठेतरी वाचून आले होते. त्यांचं म्हणणं, ओरडण्यामुळे खेळाडूचं डोकं चालेनासं होतं. जे शिकवायचं ते सरावात शिकवा, मॅचमध्ये त्यांचं त्यांना ठरवू द्या. पुढच्या सीझनपासून नियमच करू या का, असं विचारलं.

मी उठलो. म्हटलं, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. खेळाडूला विचार कर म्हणणं म्हणजे ट्रकला रस्ता विचारणं. ट्रक चालतो, रस्ता आपण सांगायचा. कोच गप्प बसला तर त्याला कोच का म्हणायचं, प्रेक्षक म्हणा आणि तिकीट घ्या. पुष्कळ वेळ बोललो. शेवटी सेक्रेटरींनी कान चोळले. मुद्दा पटल्याची खूण.

फक्त एक माणूस काहीच बोलला नाही. बाटल्यांच्या कारखान्याचा कोच. आम्ही त्याला खुर्चीवाला म्हणतो. मॅचला घडीची खुर्ची आणतो, त्यावर बसतो आणि पूर्ण वेळ संत्री सोलतो. तोंडातून शब्द नाही. त्याचा संघ लीगच्या गुणतक्त्यात सगळ्यात वर. आजही मीटिंगभर माझ्याकडे बघून हसत होता. त्याला विचारलं तुमचं मत काय, तर म्हणाला की माझी पोरं माझ्यापेक्षा बॉलच्या जास्त जवळ असतात.

असं कुणी सरळ मनाने बोलत नाही. संत्र्यात काहीतरी आहे. साल एका पट्टीत काढली की आक्रमण, तुकडे केले की बचाव, असं असू शकेल. लक्ष ठेवणार.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी

आज इतिहास घडला. सविस्तर लिहितो.

छापखान्याविरुद्ध मॅच. शेवटपर्यंत बरोबरी. मेहुण्याकडे बॉल आला, पण कोपऱ्यात, कोन अगदीच वाईट. मी ओरडलो, “मारू नको!” त्याने अर्थातच मारला. बॉल खांबाला लागून आत! जिंकलो. सगळे एकमेकांच्या अंगावर. मेहुणा लंगडत लंगडत माझ्याकडे धावत आला, मिठी मारली आणि म्हणाला, भाऊजी, अगदी बरोबर वेळेला सांगितलंत, तुम्ही ओरडला नसतात तर माझी हिंमत झाली नसती.

टोमणा! भर मैदानात, मिठी मारून टोमणा! मी नको म्हटलेलं त्याने केलं आणि वर माझेच आभार मानतो.

घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. आंघोळ करताना थंड पाण्याबरोबर प्रकाश पडला. हे लोक मी नको म्हणेन ते हमखास करतात. हमखास! राइट बॅक, मेहुणा, गोलकीपर, सगळे. मग मला जे हवं त्यालाच मी नको म्हटलं तर?

२४ फेब्रुवारी

नको-पद्धत. नाव पक्कं केलं. मानवी स्वभावावर आधारलेली आहे. माणसाला नको म्हटलं की तो तेच करतो. बागेत फुलं तोडू नका अशी पाटी लावली की फुलं जातात. आजवर जगातल्या एकाही कोचच्या हे लक्षात आलं नाही, कारण त्यांचे खेळाडू प्रामाणिक असतील. गद्दार संघ मिळाल्याचा हा फायदा.

ठराव : कुणाला काही सांगायचं नाही. बायकोला तर नाहीच.

२ मार्च

नको-पद्धतीची पहिली मॅच. “पुढे जाऊ नको!” गेले. “पास देऊ नको!” दिला. “मारू नको!” मारला. तीन गोल. कॉम्प्रेसर आज जरा जास्तच घरघरत होते, तरी माझ्या आवाजापुढे त्यांचं काही चाललं नाही.

९ मार्च

पुन्हा जिंकलो. मॅनेजरने पाठीवर थाप मारली. म्हणाले, आता तुमचं आणि पोरांचं चांगलं जमलंय. मी नम्रपणे हसलो. त्यांना काय ठाऊक, मी गद्दारीचंच खत घालून पीक काढतोय.

कॅप्टन म्हणजे आमचा फोर्कलिफ्टवाला. तोही खूश. म्हणतो, सर, हल्ली तुम्ही सांगता तसं केलं की बरोबर होतं. चेहरा इतका निष्पाप की त्याचाही यादीत समावेश केला.

संशयितांची यादी मोठी होत चालली आहे. आता कोण नाही ते लिहिणं सोपं पडेल.

१६ मार्च

सेमीफायनल जिंकलो! फायनल! समोर बाटल्यांचा कारखाना. खुर्चीवाला. संत्री.

बायकोने भावाला जेवायला बोलावलं. दोघं लहानपणीच्या गोष्टी सांगून हसत होते. मेहुणा गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसला होता. म्हणाला, ताई, फायनलमध्ये एक गोल झाला ना की गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आणि तो भाऊजींच्याच आवाजावर व्हायला पाहिजे. मला ठसका लागला. हा माणूस अभिनयाच्या क्षेत्रात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

तरी खरं सांगायचं तर त्याने गोल मारावा असं मलाही वाटतं. बायकोसाठी. आणि कपसाठी. बास, एवढ्यासाठीच.

२० मार्च

फायनल आपल्याच मैदानावर घ्यावी म्हणून सेक्रेटरींकडे ठाण मांडून बसलो. मिळवली. ते म्हणाले, तिथे त्या मशीनांमुळे काही ऐकू येत नाही हो, तुमच्या पोरांना तुमचं तरी ऐकू येतं का? मी म्हटलं, ऐकू येतं की नाही ते गोलांवरून बघा.

पण रस्त्याने येताना विचार केला. एवढ्या गोंगाटात नको-पद्धत एवढी चालते, तर शांततेत किती चालेल! प्लँट इंजिनिअरला गाठलं. कॉम्प्रेसरचं मेंटेनन्स तसंही बाकी आहे. म्हटलं, फायनलच्या वेळीच तिन्ही बंद ठेवा. आधी तयार होईनात, माल खराब होईल म्हणाले. मेहुण्याने मध्ये पडून मिटवलं. आदल्या दिवशी जादा थांबून खोल्या नेहमीपेक्षा थंड करून ठेवीन, मग मॅचपुरते बंद राहिले तरी चालेल असं म्हणाला. गुडघा तसला असताना जिने चढून-उतरून हे कोण अंगावर घेतं?

विचारलं. तर म्हणाला, भाऊजी, एकदा तुमचा आवाज नीट ऐकायचाय.

याचा अर्थ दिवसभर लावतोय. लागत नाही.

५ एप्रिल, सकाळी

आज फायनल. घसा : मिठाच्या पाण्याने तीनदा. बूट : पॉलिश. मन : शांत, पण सावध. रात्री स्वप्नात खुर्चीवाल्याने मला संत्र्याची फोड दिली आणि ती मी खाल्ली. अपशकुन की विषप्रयोगाची पूर्वसूचना, ठरत नाही.

५ एप्रिल, हाफ टाइम, स्टोअर रूममध्ये

घाईत लिहितोय. गोल नाही झालेला कुणाचाच. पण भयंकर प्रकार चालू आहे.

ते माझं ऐकताहेत.

कॉम्प्रेसर बंद झाले तशी अशी शांतता पसरली की पाखरांचा आवाज येऊ लागला. मी पहिल्याच मिनिटाला नको-पद्धतीने राइट बॅकला म्हटलं, “पुढे जाऊ नको!” तो थबकला. खिळा ठोकल्यासारखा. मिडफिल्डवाल्याला म्हटलं, “पास देऊ नको!” त्याने बॉल असा कवटाळून धरला की शेवटी त्यांच्या तिघांनी मिळून तो काढून घेतला. गोलकीपरला म्हटलं, “बाहेर येऊ नको!” तो आत उभा राहून बघत राहिला. खांबाने वाचवलं.

आता कॅप्टन येऊन काय म्हणाला? सर, आज नुसतं नको नको का करताय? रोज तर पुढे जा, पास दे, मार असं सांगता, आज काय झालं?

रोज मी पुढे जा म्हणत होतो? मी? कानांवर विश्वास बसेना. मग उलगडलं. यांना माझी पद्धत कळली आहे. कुणीतरी फोडली. आणि आता मला तोंडघशी पाडायला हे मुद्दाम आज्ञा पाळताहेत! आज्ञाधारकपणासारखं दुष्ट शस्त्र दुसरं नाही.

नवीन योजना. दुसऱ्या हाफमध्ये सगळ्यांना सरळ सूचना. ऐकू देत लेकाचे. नको फक्त एका माणसासाठी आणि एकाच क्षणासाठी राखून ठेवायचा. बाकीचे आज नाटक म्हणून ऐकतील, पण नाटकाचा सूत्रधार ऐन वेळी ऐकणार नाही. मला पाडायची संधी तो सोडणार नाही. मेहुण्याच्या गद्दारीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

शिट्टी झाली. चाललो.

५ एप्रिल, संध्याकाळी

हरलो.

क्रमाने लिहितो, नाहीतर नंतर लोक काहीही सांगतील.

दुसरा हाफ छान चालला होता. पुढे जा म्हटलं की जात होते, मागे ये म्हटलं की येत होते. बाटल्यांवाल्यांना घाम फुटला होता. खुर्चीवाला मात्र तसाच. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांचा गोलकीपर पुढे येऊन घसरला. बॉल मेहुण्यासमोर. समोर गोल मोकळा. अगदी मोकळा. माझ्या म्हाताऱ्या आईनेही पायाने ढकलला असता तरी गेला असता.

मी छाती भरून घेतली. “मारू नको!”

आयुष्यात पहिल्यांदा माझा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच दणदणीत निघाला. कॉम्प्रेसर हाउसच्या भिंतीवर आपटून परत आला. नको. सगळ्या मैदानाने ऐकला. बाटल्यांच्या कारखान्यानेही ऐकला.

मेहुण्याने बॉलवर पाय ठेवला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. पुढे काय, असं विचारत असल्यासारखं. मागून प्रेक्षकांतून बायको किंचाळली, अरे मार! पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं तर आवाज नाही. तेवढ्यात त्यांचा डिफेंडर आला, आधी तोही जरा घुटमळला, मग मेहुण्याच्या पायाखालून बॉल काढून घेतला आणि लांब मारला. आमचे सगळे अजून माझ्याकडेच बघत होते. तिकडे गोल झाला.

खुर्चीवाला उठून माझ्यापाशी आला. आता काहीतरी खोचक बोलणार म्हणून मी तयार होतो. तो फक्त म्हणाला, वाईट झालं हो, तुमचा तो नऊ नंबरचा स्ट्रायकर फार चांगला खेळला. आणि गेला. सालीसुद्धा स्वतः उचलून नेल्या.

मग मेहुणा आला. चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं, यादीत तसं लिहिता आलं असतं. तो गुडघा धरून खाली बसला आणि म्हणाला, भाऊजी, तुम्ही नको म्हणालात ना, मला वाटलं ऑफसाइड असेल, मारला तरी गोल धरणार नाहीत, तुम्हाला बाहेरून दिसलं असेल.

मी हो म्हटलं.

ऑफसाइड नव्हता.

६ एप्रिल

बायको बोलत नाही. ताट वाढते, पण आदळून.

७ एप्रिल

शांत डोक्याने कारणमीमांसा. पराभवाचं खरं कारण : कॉम्प्रेसर बंद होते. ते चालू असताना आपण एकही मॅच हरलो नाही (तीन फेब्रुवारी वगळता). मग कॉम्प्रेसर बंद कुणी केले? मेहुण्याने. त्याला सांगितलं कुणी, या मुद्द्यात आता शिरत नाही.

बायको आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, एवढी वर्षं तुमचं नको कुणापर्यंत पोचलंच नाही, आणि पोचलं तेव्हा माझ्या भावाच्या नशिबी पोचलं. मी म्हटलं, हे जरा भावनेच्या भरात होतंय. ती म्हणाली, हो.

१० एप्रिल

मेहुणा संध्याकाळी घरी आला. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नीट विश्रांती घेतली, पट्टा बांधला, तर अजून एक सीझन निघू शकेल. मॅनेजरला पुढच्या सीझनची नावं उद्याच लीगकडे पाठवायची आहेत. एकदा गेली की त्यात बदल नाही.

चहा प्यायला. मग म्हणाला, भाऊजी, तुम्ही सांगाल तसं. खेळू की सोडू? माझ्याने ठरत नाही. फायनलचं डोक्यातून जात नाही, मी नुसता उभा राहिलो हो. आता मैदानात उतरायची लाज वाटते. पण तुम्ही म्हणालात तर उतरेन.

मी विचार करून सांगतो म्हटलं. तो गेला.

हा मला का विचारतोय? यात डाव काय? वही मागून पुढे चाळली. पुरावे वाचले. मिठी मारली, हा पुरावा. माझा आवाज ऐकायचाय म्हणाला, हा पुरावा. जादा थांबून खोल्या थंड केल्या, हा पुरावा. वाचता वाचता मलाच कसंतरी झालं. हा मला विचारतो कारण हा मला नेहमीच विचारत आलाय. नोकरी घेऊ का, लग्न करू का, गाडी घेऊ का. मी सांगितलेलं एकही त्याने मोडलेलं नाही.

त्याने खेळायला हवं. पुढच्या वर्षी फायनलमध्ये त्याच्यासमोर गोल मोकळा असावा आणि मी तोंडात रुमाल कोंबून बसावं. असं मला मनापासून वाटतं. कोच म्हणून नव्हे.

बायकोला एवढंच म्हटलं की त्याला खेळ म्हणून सांगणार आहे. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, मग त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगा.

उद्या सकाळी पहिलं काम हेच.

११ एप्रिल, दुपारी

काम झालं.

सकाळपासून ट्रकांची रांग. माल साचलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, तिन्ही कॉम्प्रेसर पुन्हा जोरात. मला डॉक सोडून जायला सवडच मिळेना. तेवढ्यात पलीकडून मेहुणा टूलबॉक्स घेऊन मॅनेजरच्या ऑफिसकडे जाताना दिसला. नाव द्यायलाच चाललेला. आता थांबून चालणार नव्हतं. डॉकच्या कडेला गेलो, छाती भरली आणि सगळा जीव ओतून ओरडलो, “सोडू नको!”

तो थांबला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हात वर केला, मान हलवली आणि आत गेला.

डोळे भरून आले. ड्रायव्हरला धूळ गेली म्हणून सांगितलं. इतक्या दिवसांचं ओझं एका हाकेत उतरलं. सेक्रेटरींनी हे बघायला हवं होतं. शेजारी बसून हळू आवाजात सांगा म्हणे! दोन शब्द, तेही पन्नास पावलांवरून, आणि माणसाचं आयुष्य मार्गी. संध्याकाळी बायकोला सांगणार. येताना मिठाई नेतो.

११ एप्रिल, संध्याकाळी

मिठाई टेबलावर तशीच आहे.

मेहुण्याने नाव दिलं नाही. मॅनेजरने त्याच्या जागी पॅकिंगमधल्या एकाचं नाव घालून यादी दुपारीच पाठवून दिली. मेहुण्याने बूट राइट बॅकला देऊन टाकले. त्यानंतर बहिणीला फोन केला. म्हणाला, ताई, बरं झालं, माझ्याने ठरत नव्हतं, शेवटी भाऊजींनीच स्पष्ट सांगितलं, सोड. एवढं काम चालू असताना डॉकवरून ओरडून सांगितलं. माझ्यासाठी त्यांना किती वाईट वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्यावर रागावू नकोस.

बायकोला म्हटलं, अगं, मी सोडू नको म्हटलं होतं.

तिने विचारलं, ऐकलं कुणी?

मग मी ही वही काढून संशयितांची यादी बघितली. एकेका नावावर बोट ठेवलं. आज कुणावरच संशय घेता येईना.